‘शाळा सुटली’ला इंग्रजीत काय म्हणाल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठवी-नववीचे सेमी-इंग्रजीचे वर्ग आहेत, मानवी हक्क आणि शिक्षण हा विषय धरून इंग्रजी व्याकरण आणि शब्द शिकवायचे आहेत. पण मुलं कंटाळतील का, त्याचं भाषण होऊन बसेल का, पोर्शन मागे पडेल का, आणि सुरुवात नेमकी कुठून करायची?

मी बीड जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवतोय. त्यातली पंधराएक वर्षं हा प्रयोग या ना त्या रूपात चालू आहे. पहिली तीन वर्षं तो साफ फसला होता, तेव्हा आधी तेच सांगतो.

मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘ह्यूमन राइट्स’ लिहायचो. वीस मिनिटं मराठीतून हक्कांवर बोलायचो. मग शब्दांची यादी: डिस्क्रिमिनेशन, डिग्निटी, इक्वॉलिटी, लिबर्टी. शेवटी त्याच विषयावरच्या उताऱ्यातल्या रिकाम्या जागा. मुलं यादी पाठ करायची, घटक चाचणीत ‘डिग्निटी’समोर प्रतिष्ठा असं अगदी बरोबर लिहायची आणि त्याच पानावर खाली ‘टु मी राइट इज’ असं वाक्य करायची. म्हणजे नागरिकशास्त्राचा एक कच्चा तास झाला, इंग्रजीचा झालाच नाही. त्या रिकाम्या जागा आंब्याच्या बागेवरच्या उताऱ्यातही तशाच भरता आल्या असत्या. विषय भारी होता, पण व्याकरणाचं त्याच्यावाचून काही अडत नव्हतं.

आता मी एकच कसोटी लावतो. ज्या वाक्यातला एखादा बारका शब्द हलवला की कुणाचा तरी हक्क जातो किंवा येतो, तेच वाक्य वर्गात न्यायचं. बाकी कितीही उदात्त असलं तरी ठेवून द्यायचं. अशी वाक्यं शोधायला लागलात की लक्षात येईल, हक्कांची भाषा म्हणजे मोडल क्रियापदं (मस्ट, शुड, मे, शॅल), पॅसिव्ह व्हॉइस, ‘एव्हरीवन’ आणि ‘नो वन’, ‘एनी’ आणि ‘ऑल’. आपली मुलं जिथे अडखळतात नेमकं तेच. आणि सुरुवात इंग्रजीतून करू नका. मराठी वाक्यातून करा.

माझं वाक्य ठरलेलं आहे. फळ्यावर लिहितो: ‘तिची शाळा सुटली.’ इंग्रजी करा.

पहिलं उत्तर हमखास येतं, ‘हर स्कूल इज ओव्हर’. पाच वाजता घंटा झाली असंही ते होऊ शकतं, त्यामुळे चूक म्हणत नाही. मग सांगतो, नाही, ती सातवीनंतर आलीच नाही. मग ‘हर स्कूल लेफ्ट’ येतं, म्हणजे शाळाच उठून गेली; वर्ग हसतो. कुणीतरी ‘शी लेफ्ट स्कूल’वर पोचतं. ते मी लिहून घेतो आणि विचारतो, तिने सोडली का? इथे वर्ग थोडा गप्प होतो. मराठीत ‘सुटली’ म्हटलं की कुणी काही केलेलंच नसतं. हातातून ग्लास सुटावा तशी शाळा सुटते. ‘सोडली’ म्हटलं की दोष तिच्याकडे जातो. ‘सोडवली’, ‘शाळेतून काढली’ म्हटलं की कुणीतरी दुसरं माणूस वाक्यात उभं राहतं. एका धातूच्या पोटातल्या या तीन-चार छटा आपण रोज बोलतो, पण त्यांच्याकडे कधी पाहत नाही.

आता फळ्यावर चार वाक्यं एकाखाली एक येतात. ‘शी लेफ्ट स्कूल.’ ‘शी ड्रॉप्ड आउट.’ ‘शी हॅड टु लीव्ह स्कूल.’ ‘शी वॉज टेकन आउट ऑफ स्कूल.’ चौथ्या वाक्यानंतर मी ‘बाय’ लिहितो आणि पुढे लांब रेघ ओढतो. पॅसिव्ह व्हॉइसचा पाठ इथून सुरू होतो. रूप कसं करायचं हे त्यांना सहावीपासून तोंडपाठ आहे. ‘राम किल्ड रावण’चं ‘रावण वॉज किल्ड बाय राम’ झोपेतही करतात. पण ते का करायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. ‘बाय’ पुढची जागा रिकामी ठेवता येते, आणि ती रिकामी ठेवण्यात कुणाचा तरी फायदा असतो, हे त्यांना त्या रेघेपाशी उमगतं.

एका वर्षी ती रेघ भरताना पहिला म्हणाला, ‘बाय हर फादर’. दुसरा म्हणाला, वडलांनी काढलं नाही, मुकादमाची उचल घेतली होती. आमच्याकडे हे समजावून सांगावं लागत नाही. दिवाळी झाली की ऊसतोडीला टोळ्या निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि कोयत्यामागे मुकादम आगाऊ पैसे देतो ती उचल. धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरली सोबत जाते. गावात आजी असली किंवा हंगामी वसतिगृहात सोय झाली तर राहते, नाहीतर पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, तिचं बाक रिकामं. मुलांनी मला विचारलं, ‘बाय अ‍ॅडव्हान्स’ चालेल का सर? माणूस नसलेला कर्ता ‘बाय’नंतर येतो का? येतो की, ‘द हाउस वॉज डिस्ट्रॉइड बाय फायर’ म्हणतोच आपण. पण मग पुढचा प्रश्न आला, आगीला शिक्षा करता येत नाही, उचल देणाऱ्याला येते, मग दोन्हीकडे ‘बाय’च कसं? मी त्या दिवशी ‘बाय’, ‘बिकॉज ऑफ’ आणि ‘ड्यू टु’ हे तिन्ही एका तासात शिकवले. ठरवलेलं नव्हतं. त्या वर्गाची पॅसिव्हची पकड पुढे दहावीपर्यंत सुटली नाही.

याच्या जोडीला राज्यघटनेचं कलम १७ ठेवा. ‘अनटचेबिलिटी इज अबॉलिश्ड अँड इट्स प्रॅक्टिस इन एनी फॉर्म इज फॉरबिडन.’ एका ओळीत दोन पॅसिव्ह, आणि दोन्हींत ‘बाय’ नाही. विचारा, इथे कर्ता का गाळला? मघाच्या वाक्यात कर्ता लपवला होता. इथे कर्ता इतका मोठा आहे की नाव घ्यायची गरज नाही. मुलांच्या पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांवर उद्देशिका छापलेली असते, तिथे तो सापडतो: ‘वुई, द पीपल ऑफ इंडिया’. आणि उद्देशिकेचं मराठी रूप त्यांना परिपाठातून तोंडपाठ असतं, त्यामुळे ‘गिव्ह टु अवरसेल्व्ह्ज’मधलं ‘अवरसेल्व्ह्ज’ शिकवायला पाच मिनिटंही लागत नाहीत. सगळी उद्देशिका म्हणजे एकच लांबलचक वाक्य आहे. त्यातला कर्ता आणि मुख्य क्रियापद शोधा म्हटलं की हुशार पोरंही दमतात. ‘वुई’ आणि ‘अडॉप्ट’ यांच्यामध्ये केवढं अंतर आहे ते बोटाने मोजायला लावा.

मोडल क्रियापदांवर मात्र तुम्ही निवांत वेळ द्या. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत कसदार तुकडा तोच आहे.

अडचण ‘पाहिजे’ची आहे. मला वही पाहिजे, मला गेलं पाहिजे, तू अभ्यास केला पाहिजेस, सरकारने शाळा दिली पाहिजे. इच्छा, निकड, सल्ला, मागणी, सगळं एका शब्दात. आपण बोलताना सुराने फरक करतो. इंग्रजीत मात्र वॉन्ट, हॅव टु, शुड, मस्ट, शॅल असे वेगवेगळे शब्द लागतात, आणि मुलं सगळीकडे ‘मस्ट’ टाकून मोकळी होतात. पुस्तकात तक्ता असतो: शुड म्हणजे सल्ला, मे म्हणजे परवानगी, शॅल म्हणजे आय आणि वुईबरोबरचा भविष्यकाळ. तक्ता पाठ होतो आणि वाक्य तसंच चुकतं. त्याऐवजी मी त्यांना आपल्याच इतिहासातली चार वाक्यं देतो.

पहिलं महात्मा फुल्यांचं. १८८२ साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं, तेही इंग्रजीत. दिनांक १९ ऑक्टोबर. ‘प्रायमरी एज्युकेशन ऑफ द मासेस शुड बी मेड कम्पल्सरी अप टु अ सर्टन एज, से अ‍ॅट लीस्ट ट्वेल्व्ह इयर्स.’ या एका वाक्यावर अख्खा तास जातो. मोडलचं पॅसिव्ह आहे, ‘मेड कम्पल्सरी’ अशी पूरकाची रचना आहे, आणि ‘समजा’ या अर्थाचं ‘से’ आहे, जे मुलांना फक्त ‘म्हणणे’ म्हणून माहीत असतं. पण मुख्य प्रश्न ‘शुड’चा. फुल्यांनी ‘मस्ट’ का नाही लिहिलं? एक मुलगी म्हणाली, समोर साहेब बसलाय, त्याला मस्ट कसं म्हणणार. दुसरा म्हणाला, कायदा करणं यांच्या हातात नव्हतं, ते मागत होते. दोघांचंही बरोबर धरलं. मागणाऱ्याच्या तोंडी ‘शुड’ येतं.

दुसरं गोपाळ कृष्ण गोखल्यांचं. १९११ साली त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. त्यात सक्ती थेट नव्हती. नगरपालिका आणि जिल्हा बोर्डांना वाटलं, तर सरकारच्या संमतीने त्यांना आपापल्या हद्दीत ती लागू करता येणार होती. म्हणजे विधेयकाचा सगळा जीव ‘मे’ या शब्दात. १९१२ मध्ये तेवढंही फेटाळलं गेलं. ‘मे’सुद्धा नाकारता येतं, हे वर्गाला चटका लावून जातं. पाठोपाठ १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. आमच्या पोरांना तो भाग माहीत असतो, म्हणून मी तिथे थांबत नाही.

तिसरं आणि चौथं वाक्य एकमेकांशेजारी लिहा. १९५० च्या घटनेतलं मूळ कलम ४५: ‘द स्टेट शॅल एन्डेव्हर टु प्रोव्हाइड, विदिन अ पीरियड ऑफ टेन इयर्स’, पुढे घटना लागू झाल्यापासून, चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांसाठी मोफत आणि सक्तीचं शिक्षण. आणि २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने आलेलं कलम २१-अ: ‘द स्टेट शॅल प्रोव्हाइड फ्री अँड कम्पल्सरी एज्युकेशन टु ऑल चिल्ड्रेन ऑफ द एज ऑफ सिक्स टु फोर्टीन इयर्स’. फरक शोधा. मुलं आधी वयाकडे बघतात, मग ‘टेन इयर्स’कडे. पाचेक मिनिटांनी कुणाची तरी नजर ‘एन्डेव्हर टु’वर पडते. डिक्शनरी उघडा म्हणायचं. प्रयत्न करणे. म्हणजे आधी राज्य प्रयत्न करणार होतं. आता राज्य देणार आहे.

ते दोन शब्द गळायला बावन्न वर्षं लागली. दहा वर्षांची मुदत १९६० लाच संपली होती. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण हा मूलभूत हक्क ठरवला, मग दुरुस्ती आली, मग २००९ चा शिक्षण हक्क कायदा, आणि तो लागू झाला १ एप्रिल २०१० ला. ही सनावळी मुलांना पाठ करायला देऊ नका, काळ शिकवायला वापरा. ‘बाय नाइन्टीन सिक्स्टी द टेन इयर्स हॅड पास्ड’ इथे पास्ट परफेक्ट त्यांना का लागतो ते आपोआप कळतं, कारण दोन तारखा समोर असतात आणि एक दुसरीच्या आधी संपलेली असते. ‘ट्रेन हॅड लेफ्ट’ शिकवून शिकवून माझा घसा बसला होता. आमच्या तालुक्यात रेल्वे नाही.

‘शॅल’बद्दल एक धोक्याची सूचना. मुलांच्या डोक्यात ते भविष्यकाळ म्हणून बसलेलं असतं, म्हणून ‘द स्टेट शॅल प्रोव्हाइड’ ते ‘राज्य देईल’ असं वाचतात, जणू पुढेमागे कधीतरी. इथे प्रतिज्ञा कामी येते. ‘आय शॅल ऑलवेज स्ट्राइव्ह’ हे ते रोज सकाळी म्हणतात. ते भाकीत आहे की वचन, विचारा. वचन हे पटलं की कायद्यातलं ‘शॅल’ समजतं. फक्त हे स्वतः करताना सांगायला विसरू नका की बोलताना ‘शॅल’ असं वापरत नाहीत. मी विसरलो होतो, आणि एका पोराने मला डबा खाताना सांगितलं, ‘सर, यू शॅल कम टु माय हाउस.’ गेलो मी, बंधनकारकच होतं.

आता ‘नो वन’. ही चूक आपल्या मराठीच्या रक्तातली आहे, कारण आपण ‘कोणीही येणार नाही’ म्हणतो, नकार क्रियापदावर ठेवतो. इंग्रजीत तो ‘नो’मध्ये भरून पावलेला असतो. नियम सांगून ही चूक जात नाही. कलम २४ द्या: ‘नो चाइल्ड बिलो द एज ऑफ फोर्टीन इयर्स शॅल बी एम्प्लॉइड टु वर्क इन एनी फॅक्टरी ऑर माइन’. झाकून ठेवा आणि मराठी अर्थावरून परत इंग्रजी करायला सांगा. निम्मा वर्ग ‘नो चाइल्ड शॅल नॉट बी एम्प्लॉइड’ लिहितो. मग शांतपणे विचारा, या तुमच्या कायद्याप्रमाणे काय होईल? एकही मूल कामावर न ठेवलेलं असता कामा नये. म्हणजे सगळ्यांना खाणीत पाठवा! वर्ग हसून लोळतो. त्या वर्षी कुणी परत ‘नोबडी डझ नॉट’ लिहिलं की मागच्या बाकावरून आवाज येतो, ‘पाठवलं खाणीत’.

‘एव्हरीवन’ला एकवचनी क्रियापद लागतं, हे दुसरं जुनाट दुखणं. ‘सर्वांना’ अनेकवचन, म्हणून ‘एव्हरीवन हॅव’. यावर उपाय म्हणून मी १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये मंजूर झालेला संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा मोजायला देतो. वाचायला देत नाही, तो त्यांना जड जातो. तीस कलमं आहेत, प्रत्येकाचा फक्त पहिला शब्द बघा आणि तक्ता करा. बावीस कलमं ‘एव्हरीवन’ने सुरू होतात. चार ‘नो वन’ने. उरलेली चार कोणती ते त्यांनी शोधायचं. त्यातलं सोळावं ‘मेन अँड विमेन’ने सुरू होतं, आणि ते लग्नाबद्दल आहे हे कळल्यावर नववीच्या वर्गात जी खसखस पिकते ती पिकू द्यावी. ‘एव्हरीवन हॅज’, ‘एव्हरीवन इज’ इतक्या वेळा डोळ्यांखालून जातं की ‘एव्हरीवन हॅव’ पुढे कानाला खटकायला लागतं.

पहिलं कलम ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज आर बॉर्न फ्री अँड इक्वल’ असं आहे. आधी मसुद्यात ‘ऑल मेन’ होतं. हंसा मेहता भारताच्या प्रतिनिधी होत्या, त्यांनी तो शब्द बदलण्याचा आग्रह धरला. समितीच्या अध्यक्ष एलेनॉर रूझवेल्ट स्वतः बाई होत्या आणि ‘मेन’मध्ये सगळे येतात असंच त्यांचं मत होतं, हे सांगायला विसरू नका. मुलं यावर वाद घालतात, कारण मराठीतही ‘माणूस’ आणि ‘बाईमाणूस’ आहेच.

याच कलमात ‘फ्री’ आहे, आणि सव्विसाव्या कलमात ‘एज्युकेशन शॅल बी फ्री’. एका चुणचुणीत पोराने पहिल्याचं भाषांतर केलं होतं, ‘सर्व माणसं फुकट जन्मतात’. दवाखान्याचं बिल त्याच्या बापाला विचारायला हवं होतं. तर शब्दांकडे येऊ.

मी याद्या बंद केल्या. शब्द एकटा शिकवत नाही, तो कुणाबरोबर राहतो ते शिकवतो. आपण ‘शिक्षण घेतो’ आणि ‘परीक्षा देतो’, म्हणून मुलं ‘टेक एज्युकेशन’, ‘गिव्ह एक्झाम’ लिहितात. त्यांना ‘गो टु स्कूल’, ‘अटेंड’, ‘एन्रोल’, ‘ड्रॉप आउट’, ‘डिनाय अ‍ॅडमिशन’ हे सगळं एकाच मुलीच्या गोष्टीत गुंफून द्या. हक्काचंही तसंच. मराठीत हक्क ‘मिळतो’, म्हणजे देणारा कुणीतरी वर बसलेला. इंग्रजीत ‘हॅव’ म्हणतात, तो आधीपासून आहेच. आपल्याकडे ‘हक्काने मागून घे’ यात माया असते, ‘हक्क गाजवतो’ यात दादागिरी, आणि ‘हक्क बजावणे’ला इंग्रजीत ‘एक्सरसाइज’ म्हणतात हे ऐकून मुलं दंड काढून दाखवतात. ‘राइट’नंतर ‘टु’ येतो, त्यापुढे नामही चालतं आणि क्रियापदही: ‘द राइट टु एज्युकेशन’, ‘द राइट टु प्ले’. एवढं पुरे. ‘डिस्क्रिमिनेशन’चं स्पेलिंग नाही आलं तरी जग बुडत नाही.

‘कम्पल्सरी’वर मात्र अर्धा तास द्या. सक्ती म्हटलं की मुलांना वाटतं, आपल्यावर. दंड आपल्या बापाला. २००९ च्या कायद्याचं आठवं कलम उघडून दाखवा. तिथे ‘कम्पल्सरी एज्युकेशन’ म्हणजे ‘ऑब्लिगेशन ऑफ द अप्रोप्रिएट गव्हर्न्मेंट’ असा खुलासाच आहे. बंधन सरकारवर आहे. विशेषणाला कर्ता नसतो, तो शोधावा लागतो, हे व्याकरणही त्यातच आलं.

एक प्रसंग मला विसरता येत नाही. ‘माय मदर’ या विषयावर पाच ओळी लिहायला दिल्या होत्या. एका मुलीने लिहिलं, ‘माय मदर इज इग्नोरंट.’ तिच्या मनात ‘अडाणी’ होतं, डिक्शनरीने तिला हा शब्द दिला. आई ऊसतोडीला जाते, दिवसभरात बांधलेल्या मोळ्यांचा हिशेब बोटांवर करते, मुकादमाची चूक काढते. मी वहीत ‘इग्नोरंट’ खोडून ‘अनएज्युकेटेड’ लिहिलं. मग तेही खोडलं. तिला जवळ बोलावून विचारलं, आईला शाळेत कुणी घातलंच नाही का? नाही म्हणाली. मग दोघांनी मिळून लिहिलं, ‘माय मदर वॉज नॉट सेंट टु स्कूल.’ तिने ते वाक्य दुसऱ्या दिवशी मोठ्याने वाचलं. ‘इज’पासून ‘वॉज नॉट सेंट’पर्यंत जाताना आईचा दोष आईच्या अंगावरून निघून गेला होता, आणि पोरीला पॅसिव्ह व्हॉइस आला होता.

पण हे नेहमी असं गोड होत नाही. एका वर्षी सेकंड कंडिशनल शिकवताना मी वर्गाला वाक्य पुरं करायला दिलं, ‘इफ आय कुड नॉट कम टु स्कूल’. मला वाटलं, मस्त कल्पना. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने पेनच उचललं नाही. तिचं ऊसतोडीला जायचं त्याच आठवड्यात ठरलं होतं, हे मला दोन दिवसांनी बाक रिकामं दिसल्यावर कळलं. कंडिशनलमध्ये जे ‘घडणार नाही’ म्हणून शिकवत होतो ते तिच्या घरी घडत होतं. तेव्हापासून माझा नियम असा की ‘आय’ने सुरू होणारं वाक्य कुणावर लादायचं नाही. गोष्टीतल्या मुलीबद्दल लिहा, कल्पनेतल्या गावाबद्दल लिहा. स्वतःचं लिहायचं तर ज्याचं त्याने ठरवावं, आणि ते वर्गात वाचून दाखवायचं नाही. ‘तुझ्या घरची गोष्ट सांग’ असं शिक्षकाने चारचौघांत म्हणणं हा विचारलेल्या पोराला छळच वाटतो.

आणि छळावरून आठवलं, शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम शिकवणार असाल तर आधी स्वतःचं टेबल तपासा. ‘नो चाइल्ड शॅल बी सब्जेक्टेड टु फिजिकल पनिशमेंट ऑर मेंटल हॅरासमेंट.’ रचना सुंदर आहे, पॅसिव्हला पर्याय नाही. मी ते फळ्यावर लिहिलं तेव्हा माझी छडी टेबलावर होती. वर्ग एकदा फळ्याकडे बघत होता, एकदा टेबलाकडे. कुणी काही बोललं नाही. छडी मी मधल्या सुट्टीत कपाटात टाकली, आणि ‘मेंटल हॅरासमेंट’ला मुलांनी जी उदाहरणं दिली त्यातली दोन माझ्याच तोंडची वाक्यं होती. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. पण हक्कांवर व्याकरण शिकवायचं तर वर्ग ते व्याकरण तुमच्यावर वापरून बघणारच.

तुमची पोर्शनची काळजी खरी आहे, पण ती मोठी नाही. मी पुस्तकाबाहेरचा तास वेगळा घेत नाही. पाठात व्हॉइस आला की त्याच दिवशी पुस्तकातली चार वाक्यं आणि माझी दोन. कृतिपत्रिकेत व्हॉइस बदला, मोडल ओळखा, चूक दुरुस्त करा हे प्रश्न येतातच, आणि ते कुठल्या वाक्यावर शिकलं याची परीक्षेला पर्वा नसते. मुख्याध्यापक किंवा एखादा पालक विचारेल, हे राजकारण कशाला? मी पाठ्यपुस्तकाचं पहिलं पान उघडून उद्देशिका दाखवतो. पुढे कुणी विचारलेलं नाही.

राहिलं वेळापत्रक. सगळ्या शाळांत हे विषय संविधान दिनाला, २६ नोव्हेंबरला, नाहीतर मानवी हक्क दिनाला, १० डिसेंबरला काढतात, फलक वगैरे लावून. मीही आधी तेच करायचो. पण ज्यांच्यासाठी हे सगळं शिकवायचं त्यांची बाकं तोवर रिकामी झालेली असतात. पोरं कुठल्यातरी साखर कारखान्याच्या तळावर कोपीत, म्हणजे झोपडीत असतात. म्हणून ‘शाळा सुटली’चा तास मी जूनच्या शेवटच्या आठवड्यात घेतो, पटावरची सगळी असताना.